पेडल स्टील गिटारचा मनाजोगा टोन : नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

पेडल स्टील गिटार हाती आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जवळजवळ प्रत्येकाची तक्रार सारखीच असते. रेकॉर्डवर ऐकलेला सूर भरदार, लांबत जाणारा आणि गाता असतो; आपल्या वाद्यातून निघणारा मात्र बारीक, कर्कश आणि मध्येच तुटणारा. मग पिकअप (तारेचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बदलले जातात, नवा ॲम्प येतो, इफेक्टचे डबे जोडले जातात, आणि बराच खर्च होऊनही तक्रार जागच्या जागी राहते. माझ्या अनुभवात या असमाधानाचे मूळ बहुतेक वेळा तीन गोष्टींत सापडते : तारेवरचा आघात, सूर थांबवण्याची रीत आणि सुरांची जुळणी. साधनांचा वाटा खरा आहे, काही ठिकाणी तो निर्णायकही आहे, परंतु त्याला क्रम आहे, आणि तो क्रम पाळला तर पैसा व वेळ दोन्ही वाचतात.

आपल्याकडे व्हॅन शिपले, हजारासिंग यांच्या चित्रपटगीतांच्या रेकॉर्डींमुळे हवाईयन गिटार घरोघरी ऐकले गेले आहे. ते वाद्य मांडीवर किंवा स्टँडवर आडवे ठेवून वाजवतात आणि त्यात सुराचे सगळे काम बार, म्हणजे तारांवरून सरकवायचा धातूचा दांडा, करतो. पेडल स्टीलमध्ये बार तोच, पण पायाखालची पेडल आणि गुडघ्याने हलवायचे नी-लिव्हर ठराविक तारांचा सूर, त्या वाजत असतानाच, चढवतात किंवा उतरवतात. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी यांनी वादक स्पीडी वेस्ट यांच्यासाठी असे वाद्य घडवले, आणि १९५४ मध्ये गायक वेब पियर्स यांच्या रेकॉर्डवर बड आयझॅक्स यांनी तारा घुमत असताना पेडल दाबून काढलेला सूर गाजल्यावर अमेरिकेतील नॅशव्हिलच्या कंट्री संगीताला त्याची ओळख मिळाली. त्यामुळे हवाईयन गिटार वाजवणाऱ्याला डाव्या हाताचा फायदा निश्चित होतो, मात्र पुढचे बरेचसे नव्यानेच शिकावे लागते.

लागणारे साहित्य

- १० तारांचे, ई-नाइन्थ ट्यूनिंगचे वाद्य. निदान ३ पेडल आणि ४ नी-लिव्हर असलेले
- स्टेनलेस स्टीलचा भरीव बार. व्यास ७/८ इंच, लांबी सव्वातीन इंच
- अंगठ्यासाठी प्लॅस्टिकची एक नखी, बोटांसाठी धातूच्या दोन
- व्हॉल्यूम पेडल
- स्वच्छ, न फाटता मोठा होणारा ॲम्प
- सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर आणि तानपुऱ्याचे ॲप
- हात नसलेली, योग्य उंचीची बैठक
- तारांचे दोन संच, आणि तिसऱ्या तारेचे जादा नग
- रेकॉर्डिंगसाठी फोन

१. कोणता टोन हवा आहे, ते आधी ठरवा

"चांगला टोन" असे काही एकच नसते. स्टील गिटारवादकांचेच पाहा. जेरी बर्ड यांनी आयुष्यभर पेडल टाळले आणि केवळ बारवर असा गोल, शांत सूर काढला की पेडल वाजवणारेही तो आदर्श मानतात. राल्फ मूनी यांचा टोन टोकदार आणि चमकदार आहे. बडी एमन्स यांचा भरीव आणि स्पष्ट. लॉइड ग्रीन यांच्या वादनात प्रत्येक स्वर सुटा आणि नेमका ऐकू येतो. यांपैकी दोघांची निवड करा आणि काही आठवडे त्यांचेच वादन हेडफोनवर ऐका. सूर सुरू कसा होतो, किती वेळ टिकतो आणि कुठे, कसा संपतो, या तीन गोष्टींवरच लक्ष ठेवा. हा टप्पा बरेच जण वगळतात, आणि मग आपल्याला नेमके काय खटकते आहे हेच त्यांना सांगता येत नाही.

२. वाद्य आधी यंत्र म्हणून तपासा

टोन शोधण्यापूर्वी वाद्य सुरात राहते की नाही, याची खात्री करा. ए पेडल, म्हणजे पाचवी तार बी वरून सी शार्पवर चढवणारे पेडल, दहा-पंधरा वेळा दाबून सोडा आणि पाचवी तार प्रत्येक वेळी त्याच सुरावर परत येते का, ते ट्यूनरवर पाहा. ई तारा (चौथी आणि आठवी) चढवणारा आणि उतरवणारा अशा दोन्ही लिव्हरसाठी हीच चाचणी करा. चढवून सोडल्यावर एक सूर आणि उतरवून सोडल्यावर दुसरा येत असेल, तर यंत्रणेची स्वच्छता किंवा दुरुस्ती आधी करायला हवी.

त्यानंतर तारा सैल करून चेंजरकडे, म्हणजे उजव्या टोकाच्या ज्या फिरत्या धातूच्या बोटांवरून तारा वळतात तिकडे, बारकाईने पाहा. जुन्या वाद्यात या बोटांच्या माथ्यावर तारेने घासून बारीक खाच पाडलेली असते. तिरक्या उजेडात ती केसासारखी चमकते आणि नखाने चाचपल्यास लागते. या खाचेमुळे तारेची आस, म्हणजे सूर टिकून राहणे, मरते, सूर झणझणतो आणि तिसरी तार वारंवार तुटते. ती घासून गुळगुळीत करणे हे जाणकाराचे काम आहे, पण त्यानंतर जो फरक पडतो, तो कोणत्याही नव्या पिकअपने पडत नाही.

सावधान : स्वस्त मिळते म्हणून केवळ एक लिव्हर असलेले जुने विद्यार्थी मॉडेल घेऊ नका. शो-बड मॅव्हरिक हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. वाद्य वाईट असते असे नाही, पण आजचे बहुतेक शिक्षणसाहित्य ३ पेडल आणि ४ लिव्हर गृहीत धरून तयार केलेले असल्याने थोड्याच दिवसांत अडायला होते. अमेरिकेतून ॲम्प आणणार असाल, तर तो १२० व्होल्टचा असण्याची शक्यता मोठी आहे. पुरेशा क्षमतेच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला कधीही जोडू नका.

३. तारा आणि जुळणी

ई-नाइन्थ ट्यूनिंग पहिल्या तारेपासून, म्हणजे वादकापासून सर्वांत लांबच्या तारेपासून, असे आहे : एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. सर्वांत उंच सूर तिसऱ्या तारेचा आहे; पहिल्या दोन तारा नंतर जोडल्या गेल्यामुळे क्रम असा उलटसुलट दिसतो. जाडी साधारणपणे याच क्रमाने ०.०१३, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२०, ०.०२६, ०.०३०, ०.०३४ आणि ०.०३६ इंच असते. शेवटच्या चार तारा गुंडाळलेल्या असतात. नेहमीच्या गिटारचा संच इथे चालत नाही. सहावी तार साधी घ्यावी की गुंडाळलेली, यावर मतभेद आहेत. गुंडाळलेल्या तारेचा आवाज शेजारच्या जाड तारांशी अधिक मिसळतो, पण तिचा सूर बदलायला पेडलला जास्त अंतर खेचावे लागते. नवशिक्याने साधी तार घ्यावी, असे माझे मत आहे.

आता जुळणीविषयी सविस्तर लिहितो, कारण टोनविषयीच्या तक्रारींतला मोठा भाग प्रत्यक्षात जुळणीचा असतो. ट्यूनरचा काटा प्रत्येक तारेवर मध्यभागी आणला, तर ई मेजरचा कॉर्ड थरथरतो. ट्यूनर पियानोसारखे समान अंतराचे स्वर दाखवतो, आणि त्यातला गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. लांब, स्थिर सुरांच्या या वाद्यात तो फरक उघडा पडतो आणि ऐकणाऱ्याला आवाज कर्कश वाटतो. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून तानपुऱ्याचे ॲप ई वर लावा, आधी ई तारा आणि मग बी तारा मिळवा, त्यानंतर जी शार्प तारा, म्हणजे ई चा गंधार, कंप थांबेपर्यंत उतरवा. ट्यूनरवर त्या सुमारे १४ सेंट खाली दिसतील, आणि तसेच दिसायला हवे. ए पेडल दाबल्यावर मिळणारा सी शार्प याच हिशेबाने सुमारे १६ सेंट खाली येतो. ऑल-पुल पद्धतीच्या (सूर चढवणे-उतरवणे दोन्ही ओढूनच करणाऱ्या) वाद्यात मोकळ्या तारा डाव्या टोकाच्या खुंट्यांनी जुळवतात, आणि पेडल दाबून मिळणारे सूर उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी, पेडल दाबून धरूनच, जुळवतात. वाद्यवृंदात वाद्य उतरलेले वाटू नये म्हणून बरेच वादक ई तारा मुळातच थोड्या चढ्या ठेवतात.

पहिल्या आणि सातव्या तारेचा एफ शार्प मात्र सर्वांशी जमत नाही. बी तारेशी पंचमाच्या नात्याने मिळवला, तर ए पेडलच्या सी शार्पशी तो सुमारे २२ सेंटनी भांडतो. चतुःश्रुती आणि त्रिश्रुती रिषभामध्ये हेच अंतर आहे, त्यामुळे हा दोष वाद्याचा नसून स्वरांच्या गणिताचा आहे, हे लक्षात घ्या. काही वाद्यांत त्यासाठी भरपाईची जोडणी असते. नसल्यास आपण जे जास्त वाजवतो, त्याच्या बाजूने एफ शार्प लावावा. शिवाय पेडल दाबले की वाद्याच्या सांगाड्यावर ताण येऊन बाकीच्या तारा काही सेंट उतरतात. ए आणि बी (जी शार्प तारा ए वर चढवणारे) ही दोन्ही पेडल दाबून ई तारा ऐका. उतरण जाणवण्याइतकी असेल, तर दोन्ही स्थितींच्या मधला सूर धरा.

४. डावा हात आणि बार

७/८ इंची बारचे वजन दोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या दरम्यान असते, आणि ते वजनच तारेवर पुरेसा दाब देते. वरून जोर दिला की तार खाली वाकून सूर चढतो. हात फारच हलका ठेवला की बार खडखडतो. हलका, आखूड बार घेण्याचा मोह टाळा, कारण आस कमी होते. अनामिका आणि करंगळी बारच्या मागे, म्हणजे डावीकडे, तारांवर सैल टेकलेली असावीत. ती उचलली गेली की बारच्या मागचा तारांचा तुकडा वाजू लागतो आणि प्रत्येक सुराला अस्पष्ट, बेसूर पडसाद चिकटतो. कारण कळत नाही आणि दोष पिकअपला दिला जातो, असे पुष्कळदा पाहिले आहे.

बार फ्रेटच्या रेषेवर डोळ्याने लावताना मान कुठे आहे यावर रेषा सरकलेली दिसते, म्हणून रेषा केवळ खूण समजा आणि निर्णय कानावर सोडा. आंदोलन द्यायचे ते बार गोल फिरवून, सुराच्या दोन्ही बाजूंना सारखे आणि सावकाश. सूर लागण्यापूर्वीच आंदोलन सुरू करणे म्हणजे बेसूर झाकणे होय. ती सवय लागू देऊ नका.

५. उजवा हात : आघात आणि थांबवणे

धातूच्या नख्या (०.०२५ इंच जाडीच्या चालतील) बोटाच्या गोलाईप्रमाणे वळवून घ्या, म्हणजे तारेला कड न लागता सपाट भाग लागतो आणि सुरुवातीचा खरखराट जातो. बहुतेक नवशिके भीतभीत, वरवर छेडतात आणि आवाजाची उणीव ॲम्पने भरून काढतात. त्यामुळे सूर बारीकच राहतो, फक्त मोठा होतो. तार ठामपणे छेडा. आवाज आवरण्याचे काम व्हॉल्यूम पेडलचे आहे.

छेडण्याची जागाही महत्त्वाची आहे. २४ इंच लांबीच्या वाद्यात २४ व्या फ्रेटची खूण ब्रिजपासून बरोबर ६ इंचांवर येते. सुरुवात त्या खुणेच्या थोडे उजवीकडे करा. ब्रिजकडे सरकाल तसा आवाज पातळ आणि तिखट होतो. बार १२ व्या फ्रेटवर असताना २४ वी खूण वाजणाऱ्या तारेच्या अगदी मध्यावर येते आणि सूर गोल, बासरीकडे झुकणारा होतो. बार ३ ऱ्या फ्रेटवर असताना त्याच जागेवर तो अधिक चमकदार लागतो. बार वर-खाली गेला की उजवा हातही थोडा सरकवावा लागतो, हे यावरून समजेल.

सूर थांबवण्याला ब्लॉकिंग म्हणतात, आणि चांगले वादक वेगळे ओळखू येतात ते मुख्यतः त्यामुळे. पाम ब्लॉकिंगमध्ये तळहाताची करंगळीकडची कड छेडल्यानंतर पुन्हा तारांवर टेकते. पिक ब्लॉकिंगमध्ये नखी लावलेले बोटच त्याच तारेवर परत येऊन ती गप्प करते. आधी पाम ब्लॉकिंग पक्के करा. पाचव्या तारेवर एकाच फ्रेटवर छेडा, थांबवा, बार दोन फ्रेट सरकवा, मग पुन्हा छेडा. बार सरकताना काहीही ऐकू येता कामा नये. हे ॲम्प न जोडता, शांत खोलीत करावे, कारण तिथे तारेचा प्रत्येक गैर आवाज उघड होतो. मींड घ्यायची असेल तेव्हाच सूर चालू ठेवून बार सरकवायचा. अजाणता घसरलेली मींड कानाला लगेच कळते.

६. व्हॉल्यूम पेडल

वाद्य, मग व्हॉल्यूम पेडल, मग ॲम्प, अशी साधी जोडणी पुरेशी आहे. उजवा पाय कायम या पेडलवर असतो. छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर असावे आणि सूर विरत जाईल तसे ते हळूहळू पुढे दाबावे, म्हणजे आवाजाची पातळी टिकून आस लांबते. प्रत्येक छेडीला पेडल शून्यावरून उचलले, तर आघात गिळला जातो आणि वादन सतत उसासे टाकल्यासारखे ऐकू येते. ही सवय फार लवकर लागते आणि फार उशिरा सुटते, म्हणून पहिले काही आठवडे पाय न हलवता वाजवावे, असा माझा आग्रह आहे.

तांत्रिक बाजू एवढीच, पण ती खरी महत्त्वाची आहे : पेडल स्टीलच्या सिंगल कॉइल पिकअपचा रोध बहुधा १७ ते २० किलोओहम, म्हणजे नेहमीच्या गिटारपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे २५० किलोओहमच्या साध्या पेडलमध्ये त्याची चमक हरवते. ५०० किलोओहमचे पेडल घ्या. तेही अर्ध्यावर असताना काही वरचा भाग खातेच, आणि तो खटकत असेल तर पेडलच्या आधी बफर (सिग्नल क्षीण होऊ न देणारे छोटे सर्किट) जोडल्याने फरक पडतो. पेडल हलवताना खरखर येऊ लागली, तर आतला पॉट (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध) झिजला आहे असे समजावे.

७. ॲम्प

वरच्या पद्धतीने वाजवायचे, तर ॲम्पमध्ये भरपूर शिल्लक ताकद हवी, नाहीतर पेडल पुढे जाताच आवाज फाटतो. म्हणूनच पीव्हीचा १५ इंची स्पीकरचा आणि २१० वॅटचा नॅशव्हिल ४०० किंवा फेंडरचा ट्विन रिव्हर्ब यांसारखे ॲम्प स्टील वादकांमध्ये टिकून राहिले. घरासाठी एवढी ताकद लागत नाही. स्वच्छ आवाजाचा, १२ इंची स्पीकरचा मध्यम ॲम्प पुरतो. विकृत आवाजासाठी बनवलेले छोटे गिटार ॲम्प मात्र टाळा.

सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा. नाकातला, डबडबीत आवाज बहुधा ८०० हर्ट्‌झच्या आसपास साठलेला असतो, तेव्हा तो पट्टा थोडा उतरवा. ट्रेबल स्वतंत्रपणे ऐकताना नव्हे, तर गाण्याच्या ट्रॅकबरोबर वाजवताना ठरवा. रिव्हर्ब (ॲम्पमधला घुमारा) इतकाच ठेवा की बंद केल्यावरच तो होता हे कळावे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन वापरायला हरकत नाही, पण थेट जोडलेला सिग्नल फार बोचरा लागतो, कारण स्पीकर जो वरचा भाग आपोआप गाळतो, तो इथे गाळला जात नाही. ॲम्प आणि कॅबिनेटचे अनुकरण करणारे सॉफ्टवेअर मध्ये ठेवा.

८. रोजचा रियाज

जी मेजर कॉर्ड तीन जागी वाजवा : तिसऱ्या फ्रेटवर पेडलशिवाय, सहाव्या फ्रेटवर ए पेडल आणि ई तारा चढवणारा लिव्हर दाबून, दहाव्या फ्रेटवर ए आणि बी पेडल दाबून. तारा ३, ४ आणि ५. पाचवीवर अंगठा, चौथीवर तर्जनी, तिसरीवर मध्यमा. तानपुरा जी वर लावा आणि तिन्ही जागी कंप नाहीसा होईपर्यंत थांबा. सहाव्या फ्रेटवर बार रेषेच्या किंचित पुढे, ब्रिजच्या दिशेने ठेवावा लागेल, कारण त्या जागचे सूर जुळणीतच उतरते ठेवलेले आहेत. या एका अभ्यासात बार, पेडल, लिव्हर, ब्लॉकिंग आणि कान सगळेच तपासले जातात.

आठवड्यातून एकदा तेच दोन मिनिटांचे वादन फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना कान पुढच्या सुरावर असतो, त्यामुळे मागच्या सुराचा शेवट कसा झाला ते तेव्हा कळत नाही.

९. बदल आणि निगा

काही बदलायचेच असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि क्रम असा ठेवा : नव्या तारा, नख्या, बार, व्हॉल्यूम पेडल, ॲम्प, आणि अगदी शेवटी पिकअप. प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर तोच अभ्यास, त्याच जागी फोन ठेवून रेकॉर्ड करा.

मुंबई-कोकणच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत तारा आणि बार लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसा, बार कापडात गुंडाळून ठेवा, आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. तारा बदलताना एक काढून एक चढवा; सगळ्या एकदम काढल्या, तर सांगाड्यावरचा ताण जाऊन जुळणी स्थिरावायला जास्त वेळ लागतो. नवी तार चढवल्यावर हाताने हलकेच ताणून पुन्हा जुळवा, आणि तिसरी तार तुटण्याची वाट न पाहता ती इतरांपेक्षा लवकर बदला.